शिखरावर कुणीतरी जातं

कळवणच्या बस स्थानकातून बाहेर पडून दक्षिणेकडे तोंड केलं की सातमाळेची रांग एका नजरेत मावत नाही, मान फिरवावी लागते. अगदी समोर धोडप. त्याच्या उजव्या अंगाला रवळ्या-जवळ्याची जोडी. मग मार्कंड्या, आणि मार्कंड्याच्या शेजारी सप्तशृंग, ज्याला आम्ही नुसतं ‘गड’ म्हणतो. पाठीमागे दूरवर सेलबारी-डोलबारीची रांग आणि बागलाणातले साल्हेर-मुल्हेर. या दोन रांगांच्या मधल्या खोऱ्यातून गिरणा वाहते, आणि तिच्या आधाराने आमचा कांदा, आमचा मका, आमच्या लग्नसराया आणि आमच्या काळज्या.

बाहेरगावचा पाहुणा आला आणि ‘तुमच्याकडे बघण्यासारखं काय?’ म्हणाला, की आमची माणसं ‘गड’ एवढं एकच उत्तर देऊन मोकळी होतात. सकाळी नांदुरीला जायचं, घाट चढून वर दर्शन घ्यायचं, दुपारी पेढे घेऊन परत. बाकीचे डोंगर गाडीच्या काचेतून मागे सरकत राहतात. ज्या तालुक्याच्या डोक्यावर एवढा इतिहास उभा आहे, तिथल्या माणसाने त्याची एवढीशीच ओळख करून द्यावी, याची मला खंत वाटते. इतिहास शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली, आणि वर्गाच्या खिडकीतून धोडप दिसायचा. फळ्यावर पानिपत लिहिताना मुलांचं लक्ष खिडकीबाहेर असलं तरी मी त्यांना कधी रागावलो नाही.

धोडप लांबूनही चुकत नाही. मधोमध शेंडी आणि तिच्यापासून निघालेली एक उभी, काळी, सरळ भिंत. भिंतीला टोकाकडे एक चौकोनी खाच आहे. तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. ही भिंत कुणी बांधलेली नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्या थरांना भेगा पडल्या आणि भेगांतून खालचा तप्त रस वर येऊन गोठला. त्याचा दगड भोवतालच्या थरांपेक्षा चिवट निघाला. ऊनपावसाने भोवतालचं झिजून गेलं, भेगेत गोठलेलं तेवढं उभं राहिलं. म्हणजे आज आपण जी भिंत बघतो ती एका जुन्या भेगेची आकृती आहे. हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी संध्याकाळभर त्या डोंगराकडे बघत बसलो होतो.

कळवणहून ओतूरमार्गे खिंड गाठून चढलं, की बांधकामाच्या खुणा लागतात. पलीकडून, हट्टी गावाकडून येणारी वाट जास्त मळलेली आहे. वर तटाचे अवशेष, पडके वाडे, मग कातळात कोरलेला दरवाजा आणि त्याच्यापाशी शिलालेख. शेंडीच्या पोटात गुहांची ओळ आहे. एका गुहेत देवी आहे, जवळच टाक्यातलं गार पाणी आहे. तिथे सावलीत पाठ टेकली की खाली कळवणचं सगळं खोरं उघडं पडतं. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत कांद्याच्या रोपांचे वाफे हिरव्या तुकड्यांनी ओळखू येतात, आणि आपलं घर साधारण कुठे असेल याचा अंदाज बांधण्यात बराच वेळ जातो.

या डोंगराच्या पायथ्याशी १७६८ च्या जून महिन्यात काका-पुतण्यांची लढाई झाली. राघोबादादा इथे फौज घेऊन उतरले होते. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत त्यांच्या बाजूला होते, गायकवाडांचीही मदत होती. तेवीस वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी वेळ न दवडता १० जूनला गाठलं, लढाई जिंकली आणि काकांना पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. अटकेपर्यंत घोडी नेणारा माणूस आमच्या ओतूर-हट्टीच्या डोंगरात हरला आणि पुण्याच्या वाड्यात कोंडला गेला. पाठ्यपुस्तकात याला दोन ओळी मिळतात. मी वर्गात दोन तास घ्यायचो, कारण मुलांना डोंगर माहीत होता आणि मला तो त्यांना माणसांनी भरलेला दाखवायचा होता.

धोडपच्या पूर्वेला कांचना. १६७० च्या ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराज बागलाणमार्गे परत निघाले. मुघलांचा दाऊदखान चांदवडकडून आडवा आला. १७ ऑक्टोबरला कांचनबारीच्या घाटात गाठ पडली. महाराजांनी लुटीचं ओझं पुढे काढून दिलं आणि स्वतः उघड्या मैदानात उभे राहिले. गनिमी काव्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या राजाने इथे समोरासमोर लढाई दिली. मुघलांचा इखलासखान मियाना जखमी झाला, पुष्कळ माणूस पडलं, आणि लूट सुखरूप पुढे गेली. दाऊदखानाच्या फौजेत भीमसेन सक्सेना नावाचा लेखनिक होता. त्याने आपल्या आठवणींत या दिवसाची हकिगत लिहून ठेवली. शत्रूच्या छावणीतल्या माणसाच्या लेखणीमुळे आमची बारी आज आम्हाला कळते. हे वाचल्यापासून त्या बाजूने जाताना मी गाडीतून उतरून थोडं चालतो.

आणि मग १८१८. पेशवाई संपली, नाशिक-खानदेशातले किल्ले एकामागून एक इंग्रजांच्या हाती पडले. पुन्हा कुणी वर जाऊन बंड करू नये म्हणून त्यांनी ठिकठिकाणच्या वाटा मोडल्या, कातळात कोरलेल्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. सातमाळेतल्या किल्ल्यांवर चढताना एखाद्या जागी हात टाकायला काही सापडत नाही, पाय अधांतरी राहतो, तिथे बहुधा हेच कारण असतं. किल्ला पाडणं अवघड होतं. त्यांनी त्याची चढण काढून घेतली.

ही गोष्ट मला घरापासून हजारो कोस लांब, पोलंडमधल्या क्राकूफ शहरात पुन्हा आठवली. माझी भाची तिथे एका कंपनीत नोकरीला आहे. ‘मामा, एकदा येऊन तर बघ’ असं ती कित्येक दिवस म्हणत होती, आणि उन्हाळ्यात आम्ही गेलो. जुन्या शहराभोवती एक बाग आहे, प्लांटी तिचं नाव. झाडांच्या दाट सावलीतून चालत राहिलं की आपण शहराला पूर्ण फेरी घालून पहिल्या जागी येतो. मी विचारलं, अशी गोल बाग कशी काय? ती म्हणाली, इथे तट होता.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे सातमाळेच्या पायऱ्या उडत होत्या साधारण त्याच दशकांत, क्राकूफचा तट पाडला गेला आणि त्या पट्ट्यात झाडं लावली. सगळं गेलं असतं. पण फेलिक्स राद्वान्स्की नावाच्या एका प्राध्यापकाने १८१७ साली शहराच्या सिनेटमध्ये उभं राहून उत्तरेकडचा थोडा भाग वाचवा म्हणून हट्ट धरला. त्याचा एक युक्तिवाद असा की हा दरवाजा पाडलात तर उत्तरेचा वारा थेट शहरात घुसेल आणि लोक आजारी पडतील. त्यामुळे फ्लोरियान दरवाजा राहिला, त्याच्या समोरचा १४९८ च्या सुमाराचा गोल, जाड भिंतींचा बार्बिकन राहिला. त्या दरवाजाखालून जाताना मी हाताने दगड चाचपला. एका मास्तराने बोलून वाचवलेला दगड होता तो. आमच्या पायऱ्यांसाठी बोलायला त्या वेळी कुणी उरलं नव्हतं.

क्राकूफमध्ये बघण्यासारखं इतकं आहे की दिवस कमी पडतात. टेकडीवर वावेलचा राजवाडा आणि त्याला लागून पोलंडच्या राजांना जिथे पुरलं ते कॅथेड्रल. शहराच्या मध्यभागी १२५७ साली आखलेला रिनेक नावाचा प्रचंड चौक. त्याच्या मधोमध कापडाच्या व्यापाऱ्यांची लांबलचक जुनी पेठ. १३६४ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, जिथे कोपर्निकस शिकला. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली तेव्हा तिच्यात मोजकी बारा ठिकाणं होती, आणि त्यांत हे शहर होतं. गावाबाहेर कोश्चुश्को या सेनानीच्या नावाने उभा केलेला मातीचा उंच ढीग आहे. १८२० ते १८२३ अशी तीन वर्षं लोकांनी माती वाहून तो रचला. लढायांच्या मैदानांवरची मातीही आणून त्यात घातली. आपल्याकडे समाधीवर मूठ मूठ माती टाकतात तसंच ते, फक्त मुठी एवढ्या झाल्या की टेकडी झाली.

पण मला तिथलं जे मनात घट्ट बसलं ते दगडांपैकी नाही.

चौकाच्या कोपऱ्यात सेंट मेरीचं विटांचं चर्च आहे. त्याला दोन मनोरे, एक बुटका, एक उंच. उंच मनोरा ऐंशी मीटरहून जास्त. भाचीने आम्हाला आधी आत नेलं. वेदीमागे फाइट श्टोस नावाच्या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ या बारा वर्षांत लाकडात कोरलेला भव्य पट आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तो उचलून नेला होता, युद्धानंतर परत आला. त्याची दारं मिटलेली होती. बाराला थोडा अवकाश असताना ती उघडली गेली आणि आतले सोनेरी चेहरे एकेक करून उजेडात आले. कोरलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरा मला खाली उभं राहून दिसल्या. मग आम्ही घाईने बाहेर चौकात आलो. भाची म्हणाली, ‘आता वर बघ.’

मनोऱ्याची एक लहानशी खिडकी उघडली. तिच्यातून पितळी तुतारीचं तोंड बाहेर आलं, उन्हात चमकलं, आणि एक सरळ, थोडी उदास धून वाजू लागली. चौकातली कबुतरं, घोडागाड्या, फुलवाल्या बायका सगळं होतं तसंच चाललं होतं, पण माणसं थांबून वर बघत होती. धून चढत गेली आणि एका सुरावर तुटली. मी पुढच्या सुराची वाट बघत राहिलो. तो आला नाही. खिडकीतून एक हात बाहेर आला, खालच्या लोकांना हलला, खिडकी मिटली. थोड्याच वेळात दुसऱ्या बाजूची खिडकी उघडली आणि तीच धून, तिथेच तुटली. चार दिशांना चार वेळा. एक राजासाठी, एक नगरपालिकेसाठी, एक वेशीतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी, एक अग्निशमन दलाच्या प्रमुखासाठी, असं भाचीने सांगितलं. कारण वाजवणारा शहराच्या अग्निशमन दलातला जवान असतो. मनोऱ्यावरून आग दिसली की इशारा द्यायचा, हे त्यांचं मूळ काम. आता आग बघायला मनोरा लागत नाही, पण तुतारी थांबली नाही. रात्रंदिवस, दर तासाला कुणीतरी वर असतो. दुपारी बाराची धून पोलंडचा रेडिओ १९२७ पासून देशभर ऐकवतो.

धून मध्येच का तुटते याची गोष्ट तिथे सगळ्यांना पाठ असते. १२४१ साली तार्तारांची फौज आली, पहारेकऱ्याने तुतारी फुंकून गाव जागं केलं आणि वाजवता वाजवता बाण त्याच्या गळ्यात शिरला. तो जिथे थांबला तिथेच आजही सगळे थांबतात. जुन्या कागदपत्रांत या गोष्टीला आधार सापडत नाही, असं अभ्यासक सांगतात. मला त्याने काही फरक पडला नाही. त्या क्षणी वर असलेला तरुण खरा होता, तो जिना चढून गेला होता, आणि तासाभराने पुन्हा वाजवणार होता.

वावेलच्या कॅथेड्रलमधली झिग्मुंट घंटाही तशीच. १५२० साली ओतली, पुढच्या वर्षी वर चढवली. ती एका माणसाला हलत नाही. बारा जण दोर ओढतात तेव्हा ती बोलते, आणि तेही मोठ्या सणांना आणि देशाच्या मोठ्या प्रसंगांनाच. दोर ओढण्याचा मान मिळवायला माणसं वाट बघतात. इतकं बघून मी भाचीला म्हटलं, हे आपल्याकडे आहे. ती हसली, तिला वाटलं मामा गावाच्या अभिमानाने बोलतोय. मी दरेगावच्या गवळ्यांबद्दल बोलत होतो.

गडाच्या देवळाच्या मागे, वर, शिखराचा कडा सरळ उभा आहे. त्याच्या माथ्यावर वर्षातून दोनदा ध्वज लागतो: शारदीय नवरात्रात नवमीच्या मध्यरात्री आणि चैत्रात पौर्णिमेच्या आदल्या मध्यरात्री. हा कीर्तिध्वज लावण्याचा मान दरेगावच्या गवळी पाटील घराण्याचा आहे. दिवसा ध्वजाची पूजा होते, वाजतगाजत मिरवणूक निघते, आणि रात्री त्या घराण्यातला माणूस ध्वज आणि पूजेचं साहित्य घेऊन अंधारात वर जातो. वाट म्हणावी अशी वाट तिथे नाही. जी आहे ती त्या घराण्याच्या पायांना माहीत आहे. बापाने मुलाला दाखवलेली. पहाटे खालच्या गर्दीला ध्वज फडकताना दिसला की समजायचं, तो पोहोचला.

मी शाळकरी असताना वडिलांबरोबर चैत्रातल्या यात्रेला गडावर रात्र काढली. चैत्रातली यात्रा विशेष करून खानदेशची. देवीचं माहेरच खानदेश मानतात. धुळे, जळगाव, मालेगावकडून पायी निघालेले जत्थे भर उन्हात आमच्या रस्त्यांनी येतात. डोक्याला उपरणं, हातात भगवा झेंडा, पायाला फोड. रस्त्यावरची गावं त्यांना पाणी, ताक, कलिंगडाच्या फोडी देतात. आमच्या घरासमोर तर दोन रांजण भरून ठेवलेले असायचे. त्या रात्री गडावर माझ्या शेजारी अशाच एका जत्थ्यातल्या म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या. रात्रभर त्यांनी नजर शिखरावरून हलवली नाही. काळोखात काही दिसत नव्हतं, तरी बघत होत्या. आभाळ फिकं व्हायला लागलं तशा त्या उठून उभ्या राहिल्या आणि माझा दंड घट्ट धरून म्हणाल्या, ‘तो दखा झेंडा!’ मला अजून दिसलाच नव्हता. त्यांच्या बोटांची पकड मात्र अजून आठवते. गर्दीतून एकच जयघोष उठला, पण त्या आजी गप्प होत्या. वर गेलेला माणूस आता उतरायला लागला असेल, एवढंच त्या पुटपुटल्या.

गडाची देवी कातळात कोरलेली आहे, आठ फूट उंच, अठरा हातांची. महिषासुराशी लढायला सगळ्या देवांनी आपापली शस्त्रं तिला दिली, ती त्या हातांत आहेत: शंकराचा त्रिशूळ, विष्णूचं चक्र, इंद्राचं वज्र. तिला अकरा वारी साडी लागते. मान किंचित कललेली आहे. समोरच्या मार्कंड्यावर बसून मार्कंडेय ऋषी सप्तशती सांगत होते आणि ते नीट ऐकू यावं म्हणून देवीने मान कलती केली, असं आमच्याकडे सांगतात. देवी ऐकते आहे, ही कल्पना मला फार प्रिय आहे. शस्त्रांनी भरलेले अठरा हात, आणि लक्ष समोरच्या डोंगरावरून येणाऱ्या आवाजाकडे.

पिढ्यान्‌पिढ्या तिच्या अंगावर शेंदूर चढत गेला होता. थरावर थर बसून अवयवांची रेषा बुजली होती; आम्हाला ठाऊक होती ती मोठ्या डोळ्यांची, शेंदरी, घडीव कडा हरवलेली देवी. २०२२ च्या पावसाळ्यात देऊळ दीड महिना बंद ठेवून जाणकारांच्या हातून तो शेंदूर काढला गेला, आणि त्या वर्षीच्या नवरात्रात लोकांनी आतली मूर्ती पाहिली. मी रांगेत होतो. नाकाची धार, ओठ, दागिन्यांची बारीक कोरीव रेघ, हातातल्या आयुधांच्या कडा सगळं उमटून आलेलं. कुणा अनामिक कारागिराने छिन्नीने काढलेली ती रेघ माझ्या आजीने उभ्या जन्मात पाहिली नव्हती, तरी ती चैत्र चुकवत नसे. रांगेतल्या एका बाईने आत पाऊल टाकताच हात जोडायच्या आधी तोंडावर हात घेतला. तिला जे वाटलं तेच मला वाटलं असावं.

गडाच्या पायऱ्या दाभाड्यांच्या उमाबाईंनी बांधल्याचं सांगतात. आता रुळावरून जाणारी ट्रॉलीही झाली आहे. म्हाताऱ्या माणसांना, गुडघे गेलेल्यांना तिच्यामुळे दर्शन घडतं, ते चांगलंच झालं. पण पाय धड असलेल्याने पायऱ्याच चढाव्यात, असं मी आग्रहाने म्हणतो. कुंकू लावलेल्या पायऱ्या, एकेका पायरीवर कापूर लावत चढणारी नवसाची माणसं, मध्येच बसून पाणी पिणारी लेकुरवाळी, हे सगळं ट्रॉलीतून हुकतं. कोजागरीला नर्मदा-गोदावरीचं पाणी कावडीने खांद्यावरून आणणारे येतात, तृतीयपंथी भक्त दूरदूरहून जमतात. ती गर्दी एकदा तरी पायरीवर बाजूला उभं राहून बघावी.

समोरच्या मार्कंड्याकडे मात्र फारसं कुणी वळत नाही. त्याची वाट मुळाणे बारीतून आहे. चढण अंगावर येते. वर ऋषींचं देऊळ आहे, पाण्याची टाकी आहेत, आणि सोमवती अमावास्येला लोक जमतात. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा नवव्या शतकाच्या सुरुवातीचा एक ताम्रपट वणीला सापडला. तो मयूरखंडी इथल्या मुक्कामातून दिलेला आहे. ती मयूरखंडी म्हणजेच हा मार्कंड्या, असा तर्क जुन्या अभ्यासकांनी केला. तो खरा असेल तर वेरूळचं कैलास ज्या घराण्याने खोदवलं त्याचा एक राजा कधीकाळी या डोंगरावर बसून दानपत्रं देत होता. तर्क सोडला तरी माथ्यावरून समोर गडाचं देऊळ बघणं आहेच. तिथे उभं राहिल्यावर देवीची मान या बाजूला कशी कलली ते कळतं.

रवळ्या-जवळ्या, धोडप, मार्कंड्या, अहिवंत, अचला असे किल्ल्यांमागून किल्ले शहाजहानच्या सरदाराने, अलीवर्दीखानाने, १६३६ मध्ये थोड्या काळात घेतले आणि इंद्राईच्या दरवाजात फारसी लेख कोरून ती नावं नोंदवली. जिंकणाऱ्यांनी नावं लिहिली, पुढच्या जिंकणाऱ्यांनी पायऱ्या उडवल्या. या दोहोंच्या मध्ये आणि दोहोंच्या नंतरही डोंगरावर जाणारे दुसरेच लोक होते. मार्गशीर्षात आमच्या तालुक्यातले कोकणा आणि भिल्ल बांधव डोंगऱ्या देव करतात. व्रत धरतात, पाडे-पाडे नाचत फिरतात, पौर्णिमेच्या रात्री डोंगरापाशी जागतात. पावरी वाजते, तिचा भोपळ्यातून घुमणारा आवाज थंडीत शिवारांवरून लांबवर येतो. त्यांना किल्ल्याचा इतिहास कुणी शिकवलेला नाही. त्यांच्या लेखी डोंगर हाच देव, आणि त्याच्याकडे वर्षाचं जाणं ठरलेलं.

अशाच पुन्हा पुन्हा जाणाऱ्या माणसांमुळे महाराष्ट्राची पोलंडशीही एक ओळख आहे. दुसऱ्या महायुद्धात घरादारातून उखडून सायबेरियात नेलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिली. त्यांनी तिथे शाळा चालवल्या, प्रार्थना केल्या, नाटकं बसवली. आज छावणीचं फारसं काही उरलेलं नाही. पण तिथे वाढलेली मुलं म्हातारी होऊन परत येत राहिली, कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारक झालं, आणि तिकडे वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं राहिलं. बघण्यासारखी इमारत नसलेली ती जागा परत येणाऱ्या माणसांनीच ठिकाण म्हणून जिवंत ठेवली.

म्हणून धोडपची मला काळजी वाटते. गडाला गवळी आहेत, डोंगऱ्या देवाला पावरीवाले आहेत, त्या मनोऱ्याला अग्निशमन दल आहे. धोडपवर ठरलेल्या दिवशी ठरलेला माणूस जात नाही. सुट्टीत पोरं येतात, फोटो काढतात, पाण्याच्या बाटल्या टाक्यात टाकून जातात. शिलालेखावर खडूने नावं लिहिलेली मी पाहिली आहेत. पुरातत्त्व खात्याची पाटी लागली पाहिजे, वाट नीट झाली पाहिजे, हे सगळं आहेच. पण पाटीने काम भागत नाही. टाकं दरवर्षी पावसाआधी उपसायचं कुणी, ते ठरलं पाहिजे. १० जूनला वर जाऊन मुलांना लढाई सांगायची कुणी, ते ठरलं पाहिजे. निवृत्त झाल्यापासून जूनच्या त्या दिवशी शाळेतल्या मुलांना घेऊन मी ओतूरच्या वाटेने जातो. पाऊस पडला तर भिजतो, नाही पडला तर घामाने भिजतो. माझे गुडघे कुरकुरायला लागलेत. म्हणून नववीतल्या एका पोरीला मी दरवाज्यापाशी उभी करून सगळी हकिगत तिच्याकडून बोलून घेतो. राघोबादादांबद्दल बोलताना तिचा आवाज चढतो. गंगाधर यशवंत म्हणताना अडखळत नाही. पुढच्या वर्षी तिच्या धाकट्या भावाला बरोबर आणणार आहे, असं तिनेच सांगितलं.

आता भाची चैत्रात रजा घेऊन येतेय. तिकडच्या तिच्या दोन मैत्रिणीही येणार आहेत. त्यांना आमच्याकडचं काय दाखवायचं ते ठरव, असं तिने फोनवर सांगितलं. मी कागदावर लिहून ठेवलंय. पहिल्या दिवशी मुक्काम कळवणला, संध्याकाळी मळ्यात, कांदा चाळीत भरताना बघायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे मुळाणे बारी, उन्हं तापायच्या आत मार्कंड्या चढून उतरायचा. दुपारी नांदुरीच्या रस्त्यावर पायी येणाऱ्यांना पाणी द्यायला त्या तिघींनी उभं राहायचं. मग गडावर, पायऱ्यांनी. रात्री खोली घ्यायची नाही, सगळ्यांबरोबर अंगणात बसायचं. अंगावर घ्यायला शाल आणा, चैत्रातही वर पहाटे गारवा असतो. आणि तुझ्या मैत्रिणींना आधीच सांगून ठेव, दुर्बिणीने रात्रभर शोधूनही तो चढताना दिसणार नाही.